संकटात ‘देवाचे आभार मान’ असे कुणी म्हटले, तर काय उत्तर द्यावे?

पायवाट

नमस्कार. येथे मी बहुधा वाचतेच, लिहिते क्वचित. परंतु हा प्रश्न घरात कुणाला विचारण्यासारखा नसल्यामुळे येथे मांडत आहे.

गेल्या वर्षी माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाल्यामुळे शरीराची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. आवाज आहे, समोरच्याचे बोलणे त्यांना बरेचसे कळते, आपल्याला काय म्हणायचे आहे तेही ठाऊक असते. शब्द मात्र जिभेवर येत नाही. पाणी हवे असले की ते माझ्याकडे पाहतात, ओठ जुळवतात, भलताच शब्द बाहेर पडतो, तो चुकल्याचे त्यांचे त्यांनाच कळते आणि मग ते भिंतीकडे तोंड फिरवतात. अशा या माणसाने एके संध्याकाळी, सासूबाई नेहमीप्रमाणे प्रार्थना म्हणत असताना, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांच्या सुरात सूर मिसळून म्हटली. एक शब्दही अडखळला नाही. प्रार्थना संपली आणि पुन्हा ‘पाणी’ म्हणता येईना.

ही बातमी नातेवाइकांत पसरली. ‘देवाने सगळे नेले नाही, स्वतःचे नाव तेवढे ठेवले, आता तरी त्याचे आभार मान,’ असे प्रत्येक जण सांगून जातो. मी स्वतः श्रद्धाळू आहे. त्या संध्याकाळी मला आनंदही झाला होता. मात्र आभार मानण्याची आज्ञा झाली की तो आनंद कुठल्या कुठे जातो आणि उरतो तो निव्वळ राग.

तर प्रश्न असे आहेत. कृतज्ञता सांगून येते का? तुमच्या पडत्या काळात तुमच्या श्रद्धेचे नेमके काय झाले? आणि अशा लोकांना काय उत्तर द्यावे? उपदेशापेक्षा अनुभव वाचायला आवडतील.

मधली_सुट्टी

आमच्या घरी ‘जे होते ते चांगल्यासाठीच’ असे म्हणून गेलेल्यांची एक यादी आहे. त्यांच्यावर पाळी आली की ती वाक्ये व्याजासह परत करायची, असे आम्ही ठरवले आहे. प्रत्यक्षात कधी करत नाही, पण यादी जवळ असल्याने धीर येतो.

संशयात्मा

पायवाट, तुमच्या यजमानांच्या बाबतीत जे घडले ते वैद्यकशास्त्राला जुनेच परिचित आहे. इंग्लिश मेंदूतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवले होते की वाचाघात झालेल्या रुग्णाला स्वतःहून साधे वाक्य रचता येत नाही, तरीही अनेकदा क्रमाने आकडे, वारांची नावे, पाठ असलेली प्रार्थना, गाणे आणि शिव्या त्याच्या तोंडून सहज बाहेर पडतात. विचार करून जुळवलेले बोलणे आणि घोकून घोकून अंगवळणी पडलेले बोलणे यांचे मेंदूतील मार्ग पूर्णपणे एक नाहीत; त्यामुळे पहिले बुजले तरी दुसरे काही प्रमाणात शाबूत राहू शकते. याच निरीक्षणाचा उपयोग करून १९७३ मध्ये एक उपचारपद्धती मांडली गेली. तीत रोजच्या गरजेची छोटी वाक्ये आधी सुरावर म्हणवून घेतात आणि मग हळूहळू सूर काढून घेतात. तुमच्या वाचा-उपचारतज्ज्ञांना त्याविषयी अवश्य विचारा; ती प्रत्येकाला लागू पडतेच असे नाही.

आता नातेवाइकांविषयी. १९६६ मध्ये मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी एक प्रयोग केला होता. एका स्त्रीला विजेचे धक्के बसत असल्याचे दृश्य (ते नाटक होते) लोकांना दाखवले. ते थांबवणे आपल्या हातात नाही असे ज्यांना वाटले, त्यांनी त्या स्त्रीलाच कमी लेखायला सुरुवात केली. जग न्यायाने चालते हा विश्वास माणसाला इतका प्रिय असतो की समोरच्याचे विनाकारण दुःख त्याला सहन होत नाही. त्याला काहीतरी कारण तरी हवे, नाहीतर काहीतरी लाभ तरी हवा. तुम्हाला आभार मानायला सांगणारा माणूस बहुधा स्वतःचीच समजूत घालत असतो.

मधली_सुट्टी

संशयात्मा यांच्या यादीत प्रार्थनेच्या शेजारी शिव्याही आहेत, याकडे मी सर्वांचे लक्ष वेधू इच्छितो. पायवाट, तुमच्या यजमानांनी उद्या एखादी अस्सल शिवी शुद्ध उच्चारात हासडली, तर तिचे श्रेय कुणाला द्यायचे हेही नातेवाइकांना आत्ताच विचारून ठेवा.

पायवाट

तीही आलेली आहे. ज्यांच्या समोर आली, त्यांनी त्या दिवशी चमत्काराचा विषय काढला नाही.

कंदील

मी वयाने येथील बहुतेकांपेक्षा मोठा असावा, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझा व्यवसाय पन्नाशीच्या उंबरठ्यावर बुडाला. देणी इतकी झाली की राहते घर विकावे लागले. त्या काळात मी रोज सकाळी प्रार्थनेला बसत असे आणि मनात कसलाही भाव नसे. भक्ती नव्हती, आभार तर नव्हतेच. तरीही बसलो. मला लहानपणापासून असे शिकवले गेले होते की भाव येण्याची वाट पाहत बसलो तर आयुष्य निघून जाईल. बैठक मोडू नये, भाव यायचा तेव्हा येईल. तो आला, पण फार उशिरा, आणि संकट संपल्यानंतर आला असेही नाही. भाड्याच्या घरात एका रात्री मुले जमिनीवर अंथरूण घालताना कुठल्याशा विनोदावर खिदळत होती. तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की आपले सगळे काही गेलेले नाही.

म्हणून माझे मत असे आहे की कृतज्ञता सांगून येत नाही, पण सवयीने तिची जागा मोकळी ठेवता येते. आणि संशयात्मा, मेंदूतील मार्ग कळला म्हणजे कृतज्ञतेचे कारण संपले, हे मला मान्य नाही. पाऊस कसा पडतो हे शाळेत शिकलेला माणूसही पहिल्या सरीला हात जोडू शकतो.

संशयात्मा

कंदील, कारण संपले असे मी म्हटलेच नाही. आभार मानायचे असतील तर योग्य व्यक्तीचे मानावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

कृतज्ञतेच्या सवयीविषयी तुम्ही जे म्हणता त्याला मात्र थोडाफार आधार आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककुलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत काही जणांना आपल्या वाट्याला आलेल्या चांगल्या गोष्टी आणि काही जणांना त्रासदायक गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. त्यांपैकी एका अभ्यासात स्नायू आणि नसांचे दीर्घ आजार असलेले लोक होते. त्यांनी २१ दिवस रोज चांगल्या गोष्टी लिहिल्या, तेव्हा त्यांची झोप आणि एकंदर मनःस्थिती सुधारल्याचे दिसले. पुढे असे बरेच अभ्यास झाले आणि ते एकत्र तपासणाऱ्यांना परिणाम मर्यादितच आढळला. थोडक्यात, हे औषध निरुपद्रवी आणि सौम्य आहे. ज्याला खरे नैराश्य आले आहे त्याच्या हातात वही देऊन मोकळे होऊ नये.

जुनी_वही

आयडीमुळे मला या ठिकाणी लिहिणे भागच आहे.

आईला स्मृतिभ्रंश झाल्यापासून मी अशी नोंद ठेवते. सुरुवातीला ‘आज मी कुटुंबासाठी, आरोग्यासाठी, निसर्गासाठी आभारी आहे’ अशा पाट्या टाकत होते. काही दिवसांतच ते लिहिताना मला माझाच कंटाळा येऊ लागला. मग पद्धत बदलली. जे घडले तेवढेच लिहायचे आणि ‘आभार’ हा शब्द वापरायचाच नाही. आता पान उघडले की असे काही सापडते: ‘आईने आज स्वतःच्या हाताने वेणी घातली, उलटी, पण घातली.’ ‘शेजारच्या मुलाने जिन्यातून खुर्ची वर आणून दिली आणि न बोलता निघून गेला.’ ‘आई पहाटेपर्यंत उठली नाही.’ शेवटच्या नोंदीतला आनंद ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनाच कळेल.

दुसरे म्हणजे मी हे रोज करत नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झालेला दिसला होता, तीनदा लिहिणाऱ्यांना तो तसा दिसला नाही. रोजचा रतीब घातला की त्यातला जीव जातो, हे मला कुणी न सांगताही पटले असते.

पायवाट, पॉलीन बॉस या अभ्यासक अशा दुःखाविषयी लिहितात ज्यात माणूस समोर असतो आणि तरीही हरवलेला असतो. अशा दुःखाला शेवट नसतो, त्यामुळे त्यावर कुणी सांत्वनालाही येत नाही. येतात ते अभिनंदन करायला, की माणूस वाचला. तुमच्या रागाचे मूळ मला तेथे दिसते.

ओसरी

धाग्यावर बरीच विद्वत्ता झाली. आता मी थोडी घरातली बाजू मांडते.

माझे सासरे अंथरुणाला खिळून होते. अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. टाचा, माकडहाड आणि खुब्यावरची कातडी रोज उजेडात पाहावी लागते. लाल झालेल्या जागेवर बोट दाबायचे. बोट काढल्यावर ती जागा क्षणभर पांढरी पडली तर ठीक, लालच राहिली तर तो शय्याव्रणाचा आरंभ समजायचा आणि त्या जागेवर पुन्हा भार येऊ द्यायचा नाही. हे मी केले. सासरे गेले तेव्हा त्यांच्या अंगावर एकही व्रण नव्हता. घरातल्यांनी डॉक्टरांचे आभार मानले, देवाचे मानले, दुरून दूरध्वनी करणाऱ्या मुलीचेही मानले. ‘कसे शांतपणे गेले, देवाची कृपा,’ असे सगळे म्हणत होते आणि मी स्वयंपाकघरात भांडी आवरत ते ऐकत होते.

देवाविषयी माझी तक्रार नाही. त्याचे आभार जरूर मानावेत. पण वरती हात जोडताना शेजारी उभे असलेले माणूस दिसेनासे होते, हे मी जवळून पाहिले आहे. त्यामुळे पायवाट, मला तुमच्या हकिकतीत एक प्रश्न पडला. ती प्रार्थना तुमच्या यजमानांच्या मेंदूत इतकी खोल कुणी रुजवली? संशयात्मा म्हणतात ती घोकंपट्टी आपोआप तर होत नाही.

तिसरी_घंटा

ओसरी यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून असहमत. घरातल्या माणसांचे आभार मानायला लागलो की घराचे कार्यालय होते. माझ्या पत्नीला मी ‘धन्यवाद’ म्हटले तर तिला मी परका वाटेन. आपुलकी ही न बोलता कळण्याची गोष्ट आहे.

ओसरी

‘न बोलता कळते’ हे कुणी ठरवले, बोलणाऱ्याने की ज्याला कळायला हवे होते त्याने? आपल्या घरी एकदा विचारून पाहा आणि उत्तर येथे प्रामाणिकपणे लिहा.

संशयात्मा

या वादात थोडे तेल ओततो. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये काही जोडप्यांना वेगवेगळे बसवून घरातल्या निरनिराळ्या कामांत आपला वाटा किती, असे विचारले होते. नवरा आणि बायको यांनी सांगितलेल्या वाट्यांची बेरीज बहुतेक कामांत शंभर टक्क्यांच्या वर गेली. त्यात लबाडी असतेच असे नाही. आपण केलेले काम आपल्याला आठवते. दुसऱ्याने केलेले आपण पाहिलेलेच नसते.

सारा अल्गो यांचा २०१० चा अभ्यासही येथे लागू पडतो. जोडीदाराने केलेल्या छोट्या गोष्टींबद्दल ज्या दिवशी कृतज्ञता वाटली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघांनाही नाते अधिक जवळचे वाटल्याचे त्यात दिसले.

मधली_सुट्टी

आमच्या घरी ही बेरीज काढू नये, असे आम्ही परस्परसंमतीने ठरवले आहे. या ठरावातही सत्तर टक्के वाटा माझा आहे.

अर्धविराम

हा धागा मी काही दिवस वाचत आहे. लिहावे की न लिहावे, हे ठरत नव्हते.

आमची मुलगी आजारपणात गेली. त्याआधी मी प्रार्थना करत असे. त्यानंतर करत नाही. मी देवावर रागावलो आहे, असे लोक समजतात आणि राग ओसरला की परत येईन, अशी त्यांना खात्री वाटते. तसे काही नाही. ज्याच्यावर रागवावे असे तेथे कुणी आहे, हेच मला आता वाटत नाही. माझी पत्नी मात्र आजही रोज प्रार्थना करते. एकाच घरात, एकाच दुःखातून दोन माणसे दोन दारांनी बाहेर पडली. सुरुवातीला तिला माझी भीती वाटे आणि मला तिचा हेवा वाटे. आता ती बसते तेव्हा मी आतल्या खोलीतला आवाज बंद करतो, आणि मुलीच्या वाढदिवशी ती मला प्रार्थनेला बोलावत नाही. हा समझोता आम्ही शब्दांत कधी केला नाही. तिसरी_घंटा म्हणतात ते ‘न बोलता कळणे’ हे असावे, पण ते कळायला फार मोठी किंमत पडली.

कृतज्ञतेविषयी विचाराल, तर आमच्याकडे आलेल्यांपैकी एका गृहस्थांची मला आजही आठवण आहे. ते आले, बसले, काही बोलले नाहीत. उठताना घरात साठलेल्या औषधांच्या पेट्या त्यांनी बरोबर नेल्या, कारण त्या टाकून देणे आम्हा दोघांनाही जमत नव्हते. त्यांचे आभार मी मानू शकतो. आभार मानायला मला देव लागत नाही.

कंदील

अर्धविराम, तुमच्या लेखनावर टिप्पणी करण्याचा मला अधिकार नाही. केवळ एक गोष्ट नोंदवतो. बायबलमधल्या ईयोबाच्या कथेत त्याच्यावर संकटांची रास कोसळल्यावर तीन मित्र भेटायला येतात. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात आणि एक शब्दही बोलत नाहीत. तोवर सगळे ठीक असते. त्यांनी तोंड उघडून ‘तुझेच काहीतरी चुकले असेल’ असे समजावायला सुरुवात केली की खरा छळ सुरू होतो, आणि कथेच्या शेवटी देव रागावतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही, या समजावणाऱ्या मित्रांवर. तुमचे गृहस्थ सातव्या दिवसापर्यंतचेच मित्र राहिले.

आपल्याकडे तुकोबांचेही तसेच आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. दिवाळे निघाले ते बरेच झाले, असे देवाला सांगणारे तेच; आणि देवाला खडे बोल सुनावणारेही तेच. श्रद्धेच्या नावाखाली फक्त गोड बोलण्याची सक्ती संतांनीही मानली नाही. आणि ‘बरे झाले’ हे त्यांनी स्वतःविषयी म्हटले, शेजाऱ्याच्या घरी जाऊन नाही. पायवाट यांच्या नातेवाइकांना हा फरक कळला तर पुष्कळ झाले.

शांतरस

मी मरणासन्न आणि दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णांच्या शुश्रूषेत काम करते, त्यामुळे श्रद्धेचा प्रश्न रोजच समोर येतो.

केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांचा २००१ चा एक अभ्यास आमच्या क्षेत्रात बराच सांगितला जातो. ५५ वर्षांवरील ५९६ रुग्णांचा त्यांनी दोन वर्षे मागोवा घेतला. देवाने आपल्याला टाकले, त्याचे आपल्यावर प्रेम उरले नाही, अशा विचारांत जे अडकले होते, त्यांच्यात मृत्यूची जोखीम थोडी अधिक आढळली. एकामुळेच दुसरे घडते, असे यावरून सिद्ध होत नाही. पण श्रद्धा म्हणजे निव्वळ आधार, असे सरसकट म्हणता येत नाही. तीच श्रद्धा रुग्णाला उशाशी बसून टोचूही शकते. म्हणून आम्ही रुग्णाला कधीही ‘विश्वास ठेवा’ असे सांगत नाही. ‘याविषयी तुमच्या मनात काय येते?’ असे विचारतो आणि गप्प बसतो. पुष्कळदा त्यानंतर शिव्याशाप येतात. ते येऊ द्यावेत.

पायवाट, तुम्ही स्वतःविषयी फार कमी लिहिले आहे. रात्री सलग झोप मिळते का? सतत चिडचिड, कशातच रस न वाटणे, पहाटे जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे असे आठवडेच्या आठवडे चालले असेल, तर त्याची चर्चा श्रद्धेच्या धाग्यावर न करता डॉक्टरांकडे करावी.

तिसरी_घंटा

ओसरी, तुमच्या सांगण्यावरून घरी विचारले. ‘मी काही न बोलता तुला माझी कदर कळते ना?’ या प्रश्नावर पत्नीने ‘कधीपासून?’ असे विचारले. प्रामाणिकपणे नोंदवण्याचे वचन दिले नव्हते, तरी नोंदवत आहे.

संशयात्मा

अवांतर होईल, पण प्रार्थनेचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. हृदयावर बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवरील एक मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. परक्यांनी रुग्णासाठी केलेल्या प्रार्थनेने काही फरक पडतो का, हे त्यात पाहिले होते. फरक पडला नाही. उलट, आपल्यासाठी प्रार्थना होणार आहे हे ज्यांना निश्चित ठाऊक होते, त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंती किंचित अधिकच निघाल्या.

कंदील

प्रार्थना म्हणजे खिडकीवर दिलेला अर्ज असता, तर किती मंजूर झाले हे मोजण्यात अर्थ होता. मी माझ्या घेणेकऱ्यांपासून सुटका मागायला बसत नव्हतो, असे म्हणणार नाही. सुरुवातीला तेच मागत होतो. पुढे मागणे गळून गेले आणि बसणे राहिले. त्याचे मोजमाप कसे करावे ते मला ठाऊक नाही, आणि तुम्ही केलेत तर माझा आक्षेपही नाही.

पायवाट

इतक्या जणांनी मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. हे मी कुणाच्या आज्ञेवरून मानत नाही.

ओसरी यांचा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला. ती प्रार्थना सासूबाईंनी रुजवली, दुसरे कोण? त्या मितभाषी आहेत. मुलाच्या आजारपणात त्या रडल्या नाहीत, माझ्याशी फारसे बोलल्याही नाहीत, आणि याचा मला मनातून थोडा रागच होता. काल दुपारी मी त्यांना संशयात्मा यांनी सांगितलेले सगळे सोप्या भाषेत समजावले आणि म्हटले, ‘आई, त्यांच्या तोंडी आज जे काही उरले आहे ते तुमच्यामुळे उरले आहे.’ त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘तो कुठला म्हणायचा! खेळातून ओढून आणावा लागे. कान धरून म्हणवून घेतली आहे मी एकेक ओळ.’ आणि त्या हसल्या. गेल्या वर्षानंतर त्यांना हसताना मी प्रथम पाहिले. संध्याकाळी त्यांनी प्रार्थना नेहमीपेक्षा सावकाश म्हटली आणि मधल्या एका ओळीला थांबून मुलाच्या तोंडाकडे पाहिले. पुढचा शब्द यजमानांनी एकट्याने म्हटला. वाचा-उपचारतज्ज्ञांना सांगितल्यावर त्या म्हणाल्या की ओळ अर्धी सोडून रुग्णाकडून पूर्ण करून घेणे हा उपचाराचाच एक भाग आहे. त्याच धर्तीवर आता ‘मला हवे आहे पा...’ असे करून पाहायचे आहे.

श्रद्धेविषयी माझे मला जे दिसते ते असे. मी आता पूर्वीपेक्षा कमी मागते आणि जास्त भांडते. कंदील यांच्या मते हे चालण्यासारखे आहे, म्हणून तूर्त तसेच चालू ठेवते. अर्धविराम, तुमचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. त्यावर काही लिहीत नाही.

शांतरस, झोप मिळत नाही. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

नव्याने

सगळा धागा वाचला. चर्चा उत्तम झाली, परंतु शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर कुणी दिलेच नाही. त्या नातेवाइकांना म्हणायचे काय?

ओसरी

माझे उत्तर ठरलेले आहे. ‘खरे आहे तुमचे. आता तासभर यांच्यापाशी बसाल का? मी आत जाऊन पडते.’ वाद घालायचा नाही, त्यांच्या श्रद्धेचा अपमान करायचा नाही, फक्त घड्याळ दाखवायचे. ज्याला खरोखर आपुलकी असते तो बसतो.

मधली_सुट्टी

आणि ज्याला नसते त्याला नेमके त्याच वेळी महत्त्वाचे काम आठवते. आमच्या यादीपेक्षा ही युक्ती सरस आहे, हे मान्य करतो.

पायवाट

ओसरी यांची युक्ती करून पाहिली. एक नणंद आता दर आठवड्याला एक दुपार येऊन बसते आणि मी झोपते. दुसऱ्या एका काकांनी येणेच बंद केले. सध्या मी दोघांचीही ऋणी आहे.

शांतरस

छान झाले. नणंदबाईंसाठी उशाशी एक कागद लावून ठेवा: शेवटची कूस कोणत्या बाजूला आणि किती वाजता बदलली, पुढचे औषध कधी आहे, पाणी पाजताना त्यांना किती उंच बसवायचे, गिळताना ठसका लागला तर काय करायचे आणि कुणाला दूरध्वनी करायचा. पक्षाघातानंतर गिळण्याची अडचण बऱ्याच रुग्णांना असते, त्यामुळे पाण्याची ओळ ठळक अक्षरांत लिहा. कागद नसला की बदली माणूस शंका विचारायला तुम्हाला झोपेतून उठवतो.